मागच्याला ऐकू येणारे ब्रेक

स्किप्टन, ४ ऑक्टोबर

ती. मॉरीन आत्यास,
बेथचा शि. सा. न. वि. वि.

ठळक काळ्या शाईनं, मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, म्हणजे तुझ्या भिंगाला फार कष्ट नकोत. डोळ्यांचं काय झालं ते मागच्या पत्रात तू शिताफीनं गाळलंस. या खेपेला तरी लिही.

तुझ्या आग्रहावरून तुझ्या जुन्या सायकल क्लबात नाव घातलं आणि पहिल्याच रविवारी नाक कापून घेतलं. हिवाळ्यासाठी म्हणून मी जी फ्रेम घेतली ती रंगावर भाळून घेतली. लालभडक, कार्बनची, मांजराच्या पिल्लाएवढी हलकी. चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये जेमतेम नख शिरेल. चौकात सगळे जमले. गॉर्डन कप्तानानं माझ्या सायकलीभोवती एक फेरी मारली, रंगाचं कौतुक केलं आणि मडगार्ड घरी विसरलीस का म्हणून विचारलं. मी म्हटलं, यात मडगार्ड बसतच नाहीत. तर म्हणाला, मग बाई, तू सगळ्यांच्या मागं. मला वाटलं थट्टा करतोय. तसं काही नव्हतं. घरी येईपर्यंत मी शेपटाला. माझी पाठ भिजली तर माझी भिजली, यांच्या पोटात का दुखावं?

एक मात्र पाहिलं. तो नॉर्मन, ऐंशीला टेकलेला, गारा तोंडावर सडासड बसत असताना गुणगुणत चढ चढत होता आणि त्याच्या खांद्यांतून वाफ निघत होती. मी बघतच राहिले. ही माणसं असं दर हिवाळ्यात करतात?

लोभ आहेच. या खेपेला थोडी माझी बाजूही घे.
तुझी,
बेथ


हेप्टनस्टॉल, १५ ऑक्टोबर

चि. बेथ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बाजू घेणार नाही. गॉर्डन मवाळ झालाय. माझ्या काळात तुला घरी पाठवलं असतं.

वेडाबाई, मडगार्ड काय आपल्या पाठीसाठी लावतात? तुझ्या चाकाचं पाणी मागच्याच्या तोंडात जातं, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या पाण्यात काय काय असतं ते मेंढ्यांना विचार. हिवाळी सायकल मागच्या माणसासाठी बांधायची असते. मडगार्डाला खाली लांब रबरी फ्लॅप हवा, जमिनीला लागेल न लागेल इतका. इतकी शिकलीस आणि एवढं कुणी सांगितलं नाही?

आता डोळे. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला. कडा शाबूत आहेत. पोस्टमन दारात येतो तेव्हा मला दोन कान आणि वर टोपी दिसते, मधे कोण आहे ते आवाजावरून ठरवायचं. कडाही पुढं किती टिकतील ते डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत. मोटारी असतील तिथं सायकल काढायची नाही असं त्यांनी बजावलंय आणि मी ते मुकाट ऐकलंय. मुकाट, हे वाचून हसू नकोस.

पण एक इच्छा आहे. कडक थंडीच्या सकाळी सगळं खोरं धुक्यानं भरतं आणि धरणापलीकडच्या माळावर ऊन असतं. त्या धुक्यातून सायकलीनं वर चढून उन्हात यायचं, हे मी किती हिवाळे केलं. दर वेळी मला वाटायचं की आपल्याला हे कसं काय मिळालं, आपण असे कोण लागून गेलो. कडा आहेत तोवर एकदा पुन्हा जायचंय. धरणाच्या जुन्या रस्त्यावर मोटारी नाहीत, नुसत्या मेंढ्या. पुढं कुणाचं तरी चाक असलं की मी त्याच्या मागं जाईन. ते चाक तुझं असावं. म्हणून तुझी फ्रेम हा माझाही प्रश्न आहे.

माया पातळ करू नकोस, डोकं मात्र वापर.
तुझी आत्या,
मॉरीन


स्किप्टन, ९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच बसून वाचलं आणि तिथंच रडले. मग उठून ती लाल फ्रेम विकून टाकली.

आता जी मिळाली आहे ती पोलादी, जुनी, ओल्या पाटीच्या रंगाची. कुणी वळून बघणार नाही. पण जाड टायर आणि त्यावर मडगार्ड बसवूनही मधून बोट फिरतं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यासाठी दोन दिवस घोळ घातला. कार्बनचा हलका होता, पण मडगार्डाच्या तारा अडकवायला त्याला भोकंच नव्हती. शेवटी पोलादीच घेतला. जड आहे, पण खडबडीत रस्त्यावर हाताला हादरा कमी देतो. तो बसवून पावसात टेकडीवर गेले आणि पहिल्यांदाच वाटलं की ही सायकल आपल्याला घरी आणणारच.

घोडं अडलंय ते ब्रेकपाशी. क्लबातले नवे सगळे डिस्क ब्रेक घ्यायला सांगतात. ओल्यात लगेच धरतात, आणि रिमवर घासणारे ब्रेक रेतीनं रिमच खाऊन टाकतात. ही फ्रेम रिम-ब्रेकची आहे. डिस्क हवे तर पुन्हा दुसरी शोधायची. सांग.

आणखी एक, रागावू नकोस. आपण दोघींनी एकत्र चालवायची जोडसायकल भाड्यानं घेतली तर? तू मागं निवांत बसशील. मला भीती वाटते, आत्या. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

तुझ्या शिव्या मिळाव्यात, ही विनंती.
बेथ


हेप्टनस्टॉल, २० नोव्हेंबर

चि. बेथ,
अ. उ. आ.

जोडसायकलीवर मागं सामानासारखी बसून मी माळावर जाणार नाही. तो विषय इथं संपला. तुला भीती वाटते हे चांगलं आहे. तेवढ्याचसाठी मी तुला निवडलं, नाहीतर नॉर्मन होताच.

ब्रेक रिमचेच लाव. माझ्या सायकलीला आहेत तसेच. तुझे डिस्क झटकन धरतील, माझे जरा दमानं, आणि मी तुझ्या पाठीत घुसेन. पुढच्यानं आणि मागच्यानं सारखंच थांबायला हवं. दुसरं असं की डिस्क ब्रेक मुके असतात. ओल्या रिमवर रबर घासलं की खर्रर्र असा आवाज येतो, तो मला ऐकू येतो. बेथ ब्रेक दाबतेय हे मला कानांनी कळेल. रिम झिजेल तर झिजू दे, नवी मिळते.

फ्लॅप पांढरा रंगव. कडेनं दिसेल.

खरं सांगते, ब्रेकचं लिहिताना मला तरुण झाल्यासारखं वाटलं.
तुझी,
आत्या


स्किप्टन, १२ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रिम-ब्रेक लावले, फ्लॅप पांढरा केला. क्रिकेटच्या रिकाम्या मैदानावर चाचणी घेतली. नॉर्मननं लोकरी टोपी डोळ्यांवर ओढली आणि माझ्या मागं आला. मी ब्रेक दाबला की तोही दाबायचा. थांबलो तेव्हा त्याचं चाक माझ्या चाकापासून वीतभर होतं. टोपी वर करून म्हणाला, मॉरीनला सांग, घंटेसारखं स्पष्ट ऐकू येतं. त्या म्हाताऱ्याच्या धिटाईपुढं मी हात जोडले.

हवामानवाले कोरडी थंडी सांगतील त्या शनिवारी मुक्कामाला येते. आल्याचा केक करून ठेव.

लोभाबरोबर भूकही आहे.
बेथ


हेप्टनस्टॉल, २१ जानेवारी

चि. बेथ हिस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून हे पत्र मनात लिहितेय. परवा बोलायचं राहून गेलं, ते आता लिहिते.

चढावर धुकं इतकं दाट होतं की तुलाही माझ्याइतकंच दिसत असणार. मी तो पांढरा फ्लॅप डोळ्याच्या कडेत धरून ठेवला होता. तुझा श्वास ऐकू येत होता, कुंपणापलीकडं मेंढ्या खोकत होत्या. मग धुकं आधी दुधाळ झालं, मग पिवळसर, आणि माझ्या हातमोज्यांवर ऊन पडलं. तू थांबलीस. ब्रेक खरखरले, मीही थांबले.

बेथ, काय होतं ते. खोरं नव्हतं, गाव नव्हतं, गिरण्यांची धुराडी नव्हती, नुसतं पांढरं, पार क्षितिजापर्यंत, आणि वर निळं. गेली दोन वर्षं मी जे बघेन त्याच्या मधोमध भोक असतं. तिथं मधोमध काही नव्हतंच. जे होतं ते सगळं कडांना होतं, आणि कडा माझ्याकडं आहेत. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला दिसलं असतं तेवढं सगळं मला दिसलं. मी देवळात फारशी जात नाही हे तुला ठाऊक आहे. पण तिथं उभं असताना कुणाचे तरी आभार मानावेत असं वाटलं आणि कुणाचे ते कळेना, म्हणून तुझा हात धरला.

आता उताराचं. तू ते पत्रात काढणार नाहीस, मीच काढते. तिसऱ्या वळणावर तू ब्रेक दाबलास तो मला ऐकू आला. नीट ऐकू आला. मी दाबला नाही. उजवीकडून तुझ्या पुढं निघून गेले आणि फाटकाशी थांबले. तू आलीस, येऊन माझं हँडल घट्ट धरलंस, आणि मी हसत होते. मला जरासुद्धा भीती वाटली नव्हती.

रात्री त्याचाच विचार केला. भीती न वाटणारा माणूस रस्त्यावर नको, हे नव्या पोरापोरींना मीच दरडावून सांगत आले. म्हणून सकाळी सायकल धुतली, साखळीला तेल दिलं आणि भिंतीवर टांगली. कुणी सांगितलं म्हणून नाही. तू हे वाचून रडू नकोस, मीही रडलेले नाही, थोडंच.

तुझी ती पाटीच्या रंगाची सायकल चालवत राहा. दर रविवारी रस्ता कसा होता ते मोठ्या अक्षरांत कळव. माया आहे तशीच ठेव. आणि कुणी विचारलंच तर सांग, शेवटचा उतार मॉरीन कुणाच्या मागं उतरली नाही.

तुझी आत्या,
मॉरीन