उसनं नाक

९ ऑक्टोबर
धुकं. शेवटची द्राक्षं आत आली. टोपल्या मी उचलल्या आणि कंबर धरली भावाची, लिव्हिओची!

१२ ऑक्टोबर
आजपासून अठ्ठ्याहत्तर सालच्या बाटल्या. बाबांची सगळ्यात मोठी वाइन, बरोलो. इतक्या वर्षांत प्रत्येकीत वाइन दोन बोटं खाली गेलीय. त्यातलीच एक बाटली फोडायची, तिच्यातून बाकीच्यांची तूट भरायची, नवं बूच ठोकायचं. पण आधी प्रत्येक बाटली हुंगायची, घोटभर चाखायची. एक नासकी चुकून मिसळली की सगळं मुसळ केरात.

हुंगते मी. भाऊसाहेब शेजारी पेला फिरवत उभे. तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं, हे फक्त मला ठाऊक. बाहेरची माणसं आली की माझ्या उजव्या हातात नॅपकिन — वाइन उत्तम. खांद्यावर नॅपकिन — नासकी. मग हा डोळे मिटून म्हणणार, "वाळलेला गुलाब... थोडं डांबर..." शब्दसुद्धा माझेच! गेल्या साली मासिकात फोटो आला. 'या टेकड्यांमधलं सर्वांत तल्लख नाक.' नाक म्हणे!

१३ ऑक्टोबर
हेझलनटचा केक भट्टीतून काढला आणि हा नेमका दारात. दर वेळी असंच. खाण्याची वेळ बरी कळते.

१६ ऑक्टोबर
चौकात सेकोंदो भेटला. टोपी काढून म्हणाला, "कशा आहात, एर्सिलिया?" कशा आहात! तीन वर्षांपूर्वी 'तू' म्हणायचा.

लाकडी पिंपं बनवणारा विधुर माणूस, हातांना ओकचा वास. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्याशी लग्न करणार म्हणून पाद्रीसुद्धा गालात हसले होते. मला काही वाटलं नाही. बॅग भरली होती. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी लिव्हिओ याच स्वयंपाकघरात ढसाढसा रडला. "एर्सी, मला कशाचाच वास येत नाही गं. तू गेलीस तर तळघराला कुलूप. बाबांची वाइन ओळखायला राहिलं कोण?" वर म्हणाला, "बाटलीवर तुझंही नाव घालू."

बॅग रिकामी केली. सेकोंदो वर्षभर थांबला. आता त्याची बायको कानेल्लीला खानावळ चालवते. सुखी दिसतो. जळते मी, लिहायला कसली लाज!

१९ ऑक्टोबर
छापखान्यातून नवी लेबलं आली. खोकं मीच उघडलं.
'लिव्हिओ आणि पुत्र.'
पुत्र तोरिनोला लोकांचे दात काढतो आणि बिअर पितो.
मी विचारलं, "माझं नाव?"
"अगं, लेबल केवढंसं! आणि तुला कुठे मिरवायचंय?"
सूप वाढलं त्याला. वाढलं!

२१ ऑक्टोबर
बाराव्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास. बूच नासलेलं. एरवी मोरीत ओतली असती. आज परत बूच मारलं आणि वेगळी उभी करून ठेवली.
परवा झुरिचचे व्यापारी चाखायला येताहेत. त्यांच्यासमोर याला या घाणीत गुलाब सापडू दे. डोळे मिटून!

२२ ऑक्टोबर
बाबांची वाइन, त्यांचं नाव. झोप नाही. तरीही करणार.

२३ ऑक्टोबर
चौघे आले. बारावी बाटली मी ओतली. नॅपकिन उजव्या हातात घेतला — 'उत्तम'.
लिव्हिओने पेला नाकाशी नेला. चाखलासुद्धा नाही. खाली ठेवला.
"माफ करा, ही नासलीय. पुठ्ठ्याचा वास मारतेय. एर्सी, दुसरी आण."
दुसरी आणली. तिच्याबद्दल डोळे मिटून 'वाळलेला गुलाब' म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.
केकचा वास! दर वेळी केक निघाला की हा दारात. गाढवीण मी.
माळ्यावरून बॅग काढली. अर्धी भरली.
जायचं कुणाकडे?