गाठोड्याचं जेवण

२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. पूल अजून नदीच्या मधोमध येऊन थांबलेला आहे. माझं काम तेच, काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते वहीत लिहायचं. नऊ महिने तरी हलता येणार नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी इथून ओरडलो तर आपल्या घरच्या गोष्टी अख्ख्या साइटला कळतात. तेव्हा पत्रंच बरी.

गाठोड्याला तुझ्या गळ्यात मारून आलो याची लाज वाटते, पण फार नाही. शालीत गुंडाळून आणलं तेव्हा ते खरंच गाठोडं होतं. आता चौथ्या महिन्यात अठरा किलो भरलंय आणि डॉक्टरबाई म्हणतात की पन्नाशी सहज ओलांडेल. एवढ्या थोराड जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाची हाडं जपावी लागतात. त्याला खाऊ घालून फुगवायचं नाही. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत.

डॉक्टरबाईंनी सांगितलेली कृती सोबतच्या कागदावर लिहिली आहे. अर्धा किलो बिनहाडाचं चिकन, दोन बोटांएवढी कलेजी, भात, लाल भोपळा, गाजर, माशाच्या तेलाचा एक चमचा, आणि अंड्याच्या टरफलांची पूड एक लहान चमचा. टरफलं धुऊन, वाळवून, बारीक दळायची. पूड विसरायची नाही, हाडांसाठी तेवढीच आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, मीठ अजिबात नको. रोजचं शिजवून दिवसातून तीन वेळा वाटून द्यायचं.

एकतीस वर्षं इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला मी स्वयंपाक शिकवतो आहे, हे वाचून तुझ्या कपाळावर किती आठ्या पडल्या ते कळव. लोभ आहेच, गाठोड्यापुरता थोडा बाजूला काढावा.

तुझा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आठ्या मोजल्या नाहीत. कागद मात्र फळीला चिकटवला आहे, वॉर्डातले आहाराचे तक्ते चिकटवायचे तसा. वर 'खाट क्र. १' असं लिहिलं आहे. मला कुत्री आवडत नाहीत हे तुला माहीत असूनही तू हे केलंस, ते मी विसरणार नाही.

सकाळी सहाला मोठं पातेलं चढवते. चिकन, कलेजी, तुझी पूड, सगळं एकदमच पाण्यात टाकते, म्हणजे सत्त्व पाण्यात उतरतं. शिजलं की मांस काढून बोटांनी निवडते. बिनहाडाचं म्हणून देतात, पण परवाच एक काडीएवढं हाड सापडलं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळते आणि त्यात भात, भोपळा, गाजर कालवते. खाली राहतो तो गाळ गच्चीवरच्या टोमॅटोच्या कुंड्यांत टाकते, वाया काही जात नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातच्या जेवणात कुणाच्या दाताखाली खडा आला नाही. चारपायी पेशंट आला म्हणून मी पद्धत बदलणार नाही.

खातं कसं, तर भांडं पुढे सरकवत सरकवत दारापर्यंत जातं. मग ते आणायला मी जाते. शेजारच्या शिंपिणीने विचारलं की हे वासरू कुणाचं. मी म्हटलं, भावाचं आहे, मी फक्त आचारी.

जेवत जा. तुझ्या साइटवरच्या आचाऱ्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तो वाईट असणार. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
ताई

२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही तिघे हसलो. मी, सर्व्हेवाला आणि आमचा आचारी, जो तू म्हणतेस तसाच आहे. 'खाट क्र. १' त्याला फार आवडलं. कुत्र्याला गाळलेलं सूप मिळतं आणि आम्हाला डाळीत खडे, असं म्हणून सर्व्हेवाला तुझ्याकडे दाखल व्हायला निघाला होता.

गाठोड्याचं वजन दर आठवड्याला करत जा. आधी तू एकटी काट्यावर उभी राहा, मग त्याला उचलून घेऊन. जमेनासं झालं की शिंपिणीला हाताशी घे. टोमॅटो कसे आहेत? मला वाटलं होतं तुझ्या गच्चीवर फक्त वाळत घातलेली फडकी असतात.

लोभ वाढता असावा. गाठोड्याच्या वेगाने वाढला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

१९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वजन सव्वीस किलो. आता उचलणं मला आणि शिंपिणीला मिळूनही जमत नाही. कोपऱ्यावरच्या वखारीतल्या काट्यावर नेते, तिथला हमाल त्याला पोत्यांच्या आधी घेतो.

टोमॅटोंचं विचारलंस म्हणून सांगते, असे टोमॅटो मी आयुष्यात पाहिले नव्हते. एकेक मुठीएवढा, एकालाही डाग नाही. शिंपिणीला दिले, वखारीत दिले, तरी संपत नाहीत.

गाठोडं मात्र आळशी होत चाललं आहे. मालकावर गेलं आहे, दुसरं काय. जिना चढायला मागत नाही, पायरीवर बसून माझ्याकडे बघतं. जेवतानाही बसूनच जेवतं. परवा हमालाने पाठीवर थाप मारली तर केवढ्याने तोंड उघडलं. मला ओरडणं ऐकू आलं नाही, पण वखारीतली माणसं वळून बघायला लागली. लाड जास्त झाले असतील. करते मीच, त्यामुळे बोलायची सोय नाही.

आता माझ्या खाटेखाली झोपतं. मावत नाही, तरी तिथेच. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई

६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. सोमवारी गाठोड्याने पुढचा डावा पाय टेकायचं सोडलं. वखारीच्या हातगाडीवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरून मला दाखवला. हाडं ज्या ठिकाणी पांढरी दिसायला हवीत तिथे धुरकट आहेत. डाव्या पायाला बारीक चीर आहे. आळस नव्हता, दुखत होतं.

त्यांनी पाटीवर लिहून विचारलं की टरफलांची पूड देता का. मी सांगितलं, रोज, मोजून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच लिहिलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, ते पाटीवर लिहायची गरज नव्हती.

दोन महिने चालणं बंद. खोलीच्या कोपऱ्यात फळ्या लावून जागा केली आहे. औषध दिलं आहे. पाय सरळ जुळेल की नाही ते आता सांगता येत नाही म्हणाल्या.

तुझी,
ताई

१४ ऑगस्ट

ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. डॉक्टरबाईंशीही फोनवर बोललो. असं फक्त पूड मिळाली नाही तरच होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्याकडे ठोकळा कमी दाबाला फुटला तर आम्ही वाळूला विचारत बसत नाही. सिमेंट कमी पडलेलं असतं आणि कुणीतरी घातलं म्हणून सांगितलेलं असतं.

तुझं वय त्रेसष्ट आहे, विसरायला होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण विसरलीस तर विसरले म्हण. रोज मोजून दिली असं लिहू नकोस.

शहराबाहेर कुत्री सांभाळणारं एक कुटुंब आहे. त्यांच्याशी बोललो आहे. ३० तारखेला सकाळी त्यांची गाडी येईल. गाठोड्याला त्यांच्या ताब्यात द्यावं. तुझ्यावर टाकलं ही चूक माझीच.

धाकटा

२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राच्या शेवटी या वेळी लोभ मागितला नाहीस, ते पाहिलं.

मी विसरले नव्हते. पण तू म्हणतोस तेच खरं आहे, पूड त्याच्या पोटात गेलीच नाही. परवा टोमॅटोची एक कुंडी बदलायला उपडी केली. माती फुटली तर आत पांढऱ्या कणांचा थर, बोटभर. हातावर घेऊन चोळला. पहिल्यांदा वाटलं चुना आहे. मग खाली आले, फडकं उलटं करून उजेडात धरलं, आणि खुर्चीवर बसले.

मी पूड पाण्यात टाकत होते आणि ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होते. पूड विरघळत नाही. रोज चमचा मोजून घालत होते आणि रोज सगळी काढून कुंडीत टाकत होते. टोमॅटोंची हाडं मजबूत झाली.

डॉक्टरबाईंकडे जाऊन फडकं आणि माती दोन्ही दाखवली. त्यांनी फडक्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग लिहिलं की पूड आणखी बारीक दळा आणि शेवटी, गार झालेल्या जेवणात कालवा. औषधाबरोबर ती किती घालायची तेही लिहून दिलं. आता तसंच करते. काल त्याने पाय दोन वेळा टेकला.

मला फार वाईट वाटतं आहे, धाकट्या. चुकले याचं तर आहेच. पण ते दुखत असताना पायरीवर बसून माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याला आळशी म्हणत होते, ते जात नाही मनातून. ज्या पद्धतीचा आयुष्यभर तोरा मिरवला, तिनेच त्याचा पाय मोडला.

गाडी येऊ दे. त्याचं सामान बांधून ठेवलं आहे. भांडं, तेलाची बाटली, दळलेल्या पुडीची बरणी. सोबत नवा तक्ता आहे, त्यावर 'गाळू नये' असं तांबड्या शाईने लिहिलं आहे. त्यांना सांग की ते खाटेखाली झोपतं, खाट उंच असली तर बरं. मी त्याला ठेवून घे म्हणणार नाही, तेवढा हक्क माझा राहिला नाही.

आशीर्वाद आहेत, नेहमीइतकेच.

तुझी,
ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी रद्द केली आहे. हे पत्र साइटच्या माणसाच्या हाती पाठवतो आहे, ३० तारखेच्या आत पोचावं म्हणून. सामान सोड.

तुझं ११ जूनचं पत्र समोर घेऊन बसलो आहे. त्यात सगळं लिहिलं आहेस. पूड पाण्यात टाकते, पाणी गाळते, गाळ कुंड्यांत टाकते. तू काही लपवलं नाहीस. मी ते वाचलं, दोन माणसांना वाचून दाखवलं आणि टोमॅटोंची चौकशी केली. ठोकळे तपासण्याचा पगार घेतो मी, आणि माझ्या घरचा हिशेब मला वाचता आला नाही.

आणखी एक. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यानंतर अठरा वर्षं तुझ्या हातचं जेवलो. माझं दूध तू गाळून द्यायचीस, पेज गाळून द्यायचीस, आजारपणात औषधाचा काढासुद्धा दोनदा गाळायचीस. पहिल्यांदा नोकरीवर गेलो आणि दाताखाली खडा आला, तेव्हा तो काय आहे तेच मला कळलं नव्हतं. ताई जे काही शिजवते ते गाळते, हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, पण मला माहीत होतं. कृती लिहिताना 'शेवटी घाल' हे दोन शब्द मी लिहायला हवे होते. ते लिहिले नाहीत, आणि वर तुला खोटं पाडलं. १४ तारखेचं पत्र फाडून टाक. मला त्याची लाज वाटते, आणि या वेळी फार वाटते.

मार्चमध्ये येईन. तोवर ते तुझं, आणि नंतर कुणाचं ते त्यालाच विचारू. लोभ मागायला विसरलो होतो, आता दोन पत्रांचा एकदम दे.

तुझा,
धाकटा

१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. तक्त्यांच्या फाइलीत लावलं आहे, तुझं २७ तारखेचं त्याच्यावर.

काल नवा फोटो काढला. हाडं पांढरी दिसतात. डावा पाय किंचित बाहेर वळलेला राहिला आहे, तो तसाच राहील म्हणाल्या. चालायला अडचण नाही. आज ते जिना चढून गच्चीवर आलं, मधे एकदाच बसलं. मी खालच्या पायरीवर थांबले, घाई केली नाही. वजन चाळीस किलो. वखारीतला हमाल हल्ली आधी हात दाखवून मगच पाठीला हात लावतो.

टोमॅटो या खेपेला बारीक आले, डाग पडलेले. शिंपिणीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, कुंड्यांचा खुराक बंद केला.

पूड कितीही बारीक दळली तरी जेवणात थोडी करकर राहते. एकतीस वर्षं मी त्या आवाजाला घाबरून काढली, आणि आता नेमका तोच ऐकायचा असतो आणि कान साथ देत नाहीत. म्हणून सकाळी भांडं ठेवलं की शेजारी बसते आणि हात त्याच्या जबड्यावर ठेवते. करकर हाताला लागते. ती लागली की मगच माझा चहा ठेवते.

तुझी,
ताई