मोठ्या झोक्याचं गणित

बाई, एखादं समीकरण कधी सुटणारच नाही, हे आधी कसं ओळखायचं? मला सांगता येत नाही, आणि हल्ली माझा सगळा दिवस त्यातच जातो. दुसरीकडे तुमच्या शाळेनं मला बोलावलंय. तुमच्या जागी आलेल्या बाई आता निवृत्त होताहेत. तुमचेच वर्ग, कायमची नोकरी. घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत पेढेसुद्धा वाटून झाले. कॉलेजातले सर मात्र म्हणतात, संशोधनाला राहा. शिष्यवृत्ती जेमतेम, आणि पुढे काय होईल याची हमी तेही देत नाहीत.

तुम्ही मला दिलेलं शून्य आठवतं. झोका लहान असो वा मोठा, लंबकाला वेळ सारखाच लागतो, असं पुस्तकात होतं. मी धाकट्या भावाला पाळण्यात झोके द्यायची. मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो असं मला वाटायचं, आणि परीक्षेत मी तेच लिहिलं. रविवारी तुम्ही मला गिरगावात घरी बोलावलंत. "शून्य तसंच राहील. मी पुस्तकातलं विचारलं होतं. आता तुझं दाखव." मग गॅलरीच्या वाशाला सारख्याच लांबीच्या सुतळीनं दोन तांबे टांगले. एक थोडासा बाजूला नेला, दुसरा लांब ओढला, आणि दोन्ही एकदम सोडले. शेजारच्या काकू डोकावल्या, "काय हो बाई, तांबे वाळत घातलेत?" तुम्ही हसलाही नाहीत. लांबचा तांब्या हळूहळू मागे पडत चाललाय, आणि तुमचा चेहरा माझ्याच वयाच्या मुलीसारखा झालाय. "पुस्तक लहान झोक्यापुरतं खरं आहे. मोठ्याचं गणित मला येत नाही. चहा घे." मोठ्या माणसाला काही येत नाही, आणि ते सांगताना त्याला आनंद होतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी मॅट्रिकला होते तेव्हा तुम्ही वारलात.

ते गणित लोकांनी कधीच सोडवलंय, बाई. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण त्याच लंबकाला बाहेरून कुणी ठरावीक वेळानं ढकलत राहिलं, तर पुढचं अजून पुरतं कळलेलं नाही. साध्या, रेषीय समीकरणात दोन उत्तरांची बेरीजही उत्तरच असते. माझ्या समीकरणात तसं होत नाही. ढकलण्याचा जोर हळूहळू वाढवावा, झोकाही हळूहळू वाढतो, आणि मग एका ठिकाणी एकदम उडी घेतो. जोर कमी केला तर त्याच वाटेनं परत येत नाही. असं का? परळच्या सभेत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा ऐकताना गर्दी क्षणात बदललेली मी पाहिली, आणि सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, "आधी गर्दीचं समीकरण मांड, मग बोलू."

संचारबंदीत कॉलेज बंद होतं तेव्हा मी घरीच कागद पसरून बसायची. भाऊ विचारायचा, "ताई, आधी काय गो, तुझं उत्तर की आपलं राज्य?"

"राज्य."

"मग बस आरामात!"

आई मात्र हसत नाही. "पगार दर म्हयन्याक येतलो. तुजा उत्तर कधी येतला, सांग बघूया." तिचं काय चुकतं? बाबांची गिरणी कधी चालू, कधी बंद. तुमची खुर्ची म्हणजे तिच्या लेखी देवळातली जागा आहे. शाळेत नेसायला दोन साड्या घ्यायला शनिवारी दादरला जाऊ, असं ती सकाळपासून म्हणतेय, आणि कोणता रंग मुलींसमोर शोभेल हे शेजारणीला विचारून आलीय.

मुख्याध्यापिकांना मी कालच समोर जाऊन नोकरी नको असं सांगून आले. आईला अजून सांगितलेलं नाही.