भेटीचं पान

छावणी, गुरुवार

प्रिय हिमांशू,

हे पत्र तुझ्याआधी तुमचे जेलरसाहेब वाचतील, म्हणून अक्षर सुवाच्य ठेवलं आहे. बावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून तेवढंच कमावलं.

लागोपाठ तीन शनिवार अकरा वाजता तू तिथं पडद्यासमोर बसला असशील आणि इकडून कुणी दिसलं नसेल. दादानं कोर्टात केलं तेच पुन्हा केलं, असं तुझ्या मनात आलं असेल. त्यातलं पुष्कळसं चूक आहे, सगळं नाही.

तिन्ही व्हिडिओ-भेटींच्या वेळा वरच्या मजल्यावरच्या रत्नमालानं तिच्या कॉम्प्युटर क्लासवरून घेऊन दिल्या होत्या. पण अर्धांगानंतर आईला खाटेवरून हलवता येत नव्हतं, तेव्हा भेट घरूनच व्हायची. पहिल्या शनिवारी तुझ्या शैलावहिनीनं तिला इरकली लुगडं नेसवलं, उशांना टेकवून बसवलं. मी तुझा जुना कॉम्प्युटर खाटेजवळ ओढला. आणि भेटीच्या पानावर अक्षरं आली: आपला ब्राउझर व आपली प्रणाली या संकेतस्थळास मान्य नाही. अमुकच ब्राउझर हवा, तोही तमुकच प्रणालीवर. मोबाईलला तर ते पान उंबऱ्यापाशीही उभं करत नाही. आपले शास्त्रकार ग्रंथाच्या आरंभीच तो वाचायचा अधिकारी कोण ते सांगतात, पण कारणही देतात. इथं कारण नव्हतं. बरं, आपल्या कॉम्प्युटरवरची ही अमान्य प्रणाली घातलेली तूच. कंपन्यांची गुलामी नको, फुकटातलं स्वातंत्र्य घे, म्हणून मला तासभर व्याख्यान दिलं होतंस. तुझं स्वातंत्र्य दारातच अडवलं गेलं, बाबा.

आई साडेअकरापर्यंत पडद्याकडे बघत होती. मग वाकड्या झालेल्या तोंडानं तिनं विचारलं, हिमू उशिरा येणार का. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तीच अक्षरं. रत्नमाला खाली आली, बघितलं आणि म्हणाली, सर, सेटिंगमध्ये जाऊन ह्याला दुसऱ्या ब्राउझरचं नाव सांगायला लावलं की पान उघडतंय, दोन मिनिटांचं काम. मी विचारलं, म्हणजे खोटं सांगायचं? पानाच्या तळाशी एक चौकोन होता, त्यात खूण करायची होती: वरील सर्व माहिती सत्य आहे. ती हसून म्हणाली, मशीनला काय पाप लागतंय का वो सर. मी म्हटलं, मशीनला नाही, पण खुणेखाली नाव माझं आहे. आणि ज्या भावाची भेट घ्यायची, तो दुसऱ्याच्या नावानं सही केली म्हणूनच आत आहे. शाळेतला अतुल पुढच्या शनिवारी बजाजनगरहून त्याचा लॅपटॉप आणणार होता. आठच दिवसांचा तर प्रश्न होता. रत्नमालानं आईकडे बघितलं. हळूच म्हणाली, आठ दिवस लई होतात सर.

साठेखतावरची सही तुझ्या हातची, हे मी कोर्टात सांगितलं. तुझ्या वकिलांनी मला फक्त 'नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हणायला सांगितलं होतं. तेवढंही मी म्हटलं नाही. त्यानंतर वर्षभर आई माझ्याशी मीठ आणि औषधं या दोनच विषयांवर बोलली. मी मनात म्हणायचो, मी बरोबर आहे. बरोबर मी होतो, सोसलं तुम्ही दोघांनी.

अतुल ठरल्याप्रमाणे शनिवारी लॅपटॉप घेऊन आला. आई त्याआधी बुधवारी गेली, सकाळी, शैला चहा गाळत होती तेव्हा. त्या शनिवारी तू तिकडं बसला असशील हे ठाऊक असूनही मी लॅपटॉप उघडला नाही. काय बोलावं ते सुचेना. अतुल तो तसाच परत घेऊन गेला.

आज रत्नमालाला खाली बोलावलं आणि ब्राउझरचं नाव बदलून घेतलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. चौकोनात खूण मीच केली. परवाचा नाही, पुढचा शनिवार मिळाला आहे. तुरुंगाच्या फोनवर दोनदा निरोप ठेवला; पोचला का विचारलं तर 'बघतो' म्हणाले. उद्या दहावा. त्या शनिवारी पडदा उजळेल तेव्हा माझ्या डोक्यावर केस नसतील. ते तुला माझ्या डोक्यावरून कळू नये, म्हणून हे पत्र.

तुझाच,
दादा