अँबॅसडरचा उजेड कमी पडते

३ नोव्हेंबर १९८३

पुन्हा तेच! गाडीमालक आनंदराव म्हणते, "बाकीच्या डायवरले त्याच बल्बात दिसते, तुलेच काहून नाही दिसत गा?" आता काय सांगू त्याले. संध्याकाळी कोराडीहून पावरहाऊसच्या साहेबलोकायले घेऊन निघालो की रस्त्यावर राख, समोरून कोळशाचे ट्रक, अन् आपल्या अँबॅसडरचे दिवे म्हणजे रॉकेलच्या चिमण्या. काल एक सायकलवाला पार बंपरजवळ आला तेव्हा दिसला. मागून साहेब म्हणाले, "झोपला होतास काय?"

झोपलो नव्हतो.

५ नोव्हेंबर

महाल भागात ताराचंदच्या गाडीसामानाच्या दुकानात गेलो. त्यानं दोन डब्या समोर ठेवल्या. एक साठ वॅटचा, कायद्यातला. दुसरा शंभरचा. "हा लावला तं रस्त्यावरचा उंदीर दिसन. पण शिपायानं पाहिला की चालान. अन् समोरचा आंधळा होईन ते वेगळंच." तू कोणता लावशील, विचारलं. "मी कायले लावतो? माझ्याकडे सायकल आहे." तो हसला. मी साठचा घेतला. पैसे माझ्या खिशातून.

६ नोव्हेंबर

साठच्यानंही तेच.

७ नोव्हेंबर

दिव्याच्या काचेवर वरच्या अंगाले काळा रंग असते — समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये म्हणून. वाटलं, तोच उजेड खाते. ब्लेडनं खरवडून टाकला. मानकापूरले शिपायानं अडवलं. "टिकली कुठं गेली बे?" म्हटलं, गाडी धुताना निघाली. "बायकोच्या कपाळावरची होती काय, धुताना निघाले?" सोडलं त्यानं. पण साहेबानं आनंदरावाले सांगितलं. आनंदराव म्हणे, आणखी एक भानगड झाली तं किल्ली ठेवून जा.

किल्ली गेली तं तिकडे सिरोंच्याले मायले काय पाठवू?

९ नोव्हेंबर

शेवटी शंभरचा लावला. दुकानाच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला. ताराचंदनं डोळ्यावर हात धरला — "बंद कर बापा, सूर्य आणला काय!" मले भिंतीवर एक पिवळा डाग दिसला. आजूबाजूले काहीच नाही.

त्याले म्हटलं, हो, मस्त आहे.

१० नोव्हेंबर

दिवेलागणीले खानावळीत पाण्याच्या गुंडीवर पाय पडला. सारं पाणी लोकांच्या ताटात. खानावळवाली कांताबाई म्हणाली, "डोक्यावर दिवा पेटून राहिला अन् तुले गुंडी दिसत नाही? गाडीचे बल्ब काय बदलतं बाबू! दिवाळी गेली, दसरा गेला, तू भाकर अन् तिखटच मागतं. भाजी कधी खाल्ली होती, सांग."

भाजी सोडली तेव्हापासून मायची मनिऑर्डर वाढली, एवढं मात्र ध्यानात आहे.

११ नोव्हेंबर

सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाईनं डोळ्यात बॅटरी मारली. रातांधळेपणा. "पोटातून आला, पोटातूनच जाईल. गोळ्या देते. पालेभाजी, पपई, कलेजी खायची." अन् गाडी? "अंधार पडल्यावर हात लावायचा नाही."

बाहेर आलो तं त्या सायकलवाल्याचं तोंडच आठवून राहिलं.

१२ नोव्हेंबर

आनंदरावाले सारं सांगून टाकलं. किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यानं ती परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "दिवसा चालव. पगार कमी पडन. अन् तो शंभरचा पहिले काढ, कोणाचा जीव घेशील."

काढला. साठचा लावला. काचेवर काळा रंग मारला, ब्रशनं, नीट.

१५ नोव्हेंबर

दर महिन्याले दीडशे जात होते. या वेळी मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली लिहिलं — माय, मी आता भाजी खातो. रुपये नव्वद.