अंगठ्याएवढा चेहरा

सोमवार, ३ मार्च
पोचलो एकदाचे! खोलीला छान उत्तरेची खिडकी आहे, आणि माझी लेक, म्हणजे आमची बडबडी, आल्या आल्या स्वयंपाकीणबाईंशी गट्टी जमवून मोकळी. या घरात प्रत्येकाच्या गळ्यातल्या लॉकेटात अंगठ्याएवढं चित्र असतं. मालकांच्या गळ्यात त्यांची आई, त्यांच्या बहिणीच्या गळ्यात नवरा. कोण कोणाच्या गळ्यात, यावरून घरातला मान ठरतो म्हणे. मालकीणबाईंचं लॉकेट मात्र रिकामं. त्यांची मुलगी गेल्या वर्षी तापाने गेली. तिचंच चित्र मी काढायचं आहे. बडबडी म्हणते, माझं कधी काढणार? आधी गिऱ्हाइकं, मग तू, असं मी तिला चिडवते.

बुधवार, ५ मार्च
त्या मुलीचं एकही चित्र नाही. समोर जिवंत चेहरा असल्याशिवाय माझा हात चालत नाही, म्हणून बडबडीलाच बसवलं. वय तेच. मालकीणबाई आठवून सांगतात, मी भिंगातून बघत बारीक कुंचल्याने ठिपक्याला ठिपका लावत फरक करते. आज डाव्या गालावर तीळ दिला. बाई रडल्या. मलाही भरून आलं.

गुरुवार, ६ मार्च
आंघोळ घालताना बडबडीच्या डाव्या गालावर तीळ दिसला. रंगाचा शिंतोडा उडाला असेल म्हणून घासला. जात नाही.

सोमवार, १० मार्च
भुवया, हनुवटी बदलून झाली. आमची कमी बोलायची, ओठ मिटलेले हवेत, असं बाई म्हणाल्या. मी तसेच रंगवले. बडबडी दुपारपासून गप्प आहे. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, ही तर अगदी आमच्या छोट्या बाईसाहेबांसारखी दिसायला लागली.

मंगळवार, ११ मार्च
पात्याच्या टोकाने चित्रातला तीळ खरवडला. समोर बसलेल्या लेकीने गाल धरला. रक्त — माझ्याच हाताने —

बुधवार, १२ मार्च
मालकीणबाईंच्या पाया पडले, जाऊ द्या म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, डोळे तेवढे राहिलेत. अर्धवट सोडलंत तर पोरगी अर्धवटच राहील.
रंगवले. काय करणार होते?

गुरुवार, १३ मार्च
ती बोलली. पण त्यांना आई म्हणाली. मला विचारलं, बाई, तुम्ही कधी जाणार?

शुक्रवार, १४ मार्च
आता एकच उपाय. तोच चेहरा पुन्हा बडबडीचा करायचा. ओल्या कुंचल्याने भुवया टिपून काढल्या — तिच्या कपाळाखाली नुसतं कातडं — लवकर भरायला हव्यात —
माझ्याकडे तिचं एकही चित्र नाही.
समोर बसलीय. वाट बघतेय.
भुवया जाड होत्या. नाही, जाड माझ्या. तिच्या तर —