पुकेकोचा निळा

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.
नवं पुस्तक आलं. एक पुकेको, म्हणजे आमच्या पाणथळीतला निळा पक्षी, शेतकऱ्याचा गमबूट पळवतो आणि त्यात घरटं करतो. चौदा चित्रं, तीस जूनपर्यंत. वेलिंग्टनहून संपादक फिलिपा गॉल्टचा फोन. म्हणाली, जमेल ना मर्व्ह? म्हटलं, एकोणतीस वर्षं दुसरं काय करतोय.
बायको, नोएलिन, तिच्या बहिणीकडे नेल्सनला जाऊन बारा दिवस झाले. बायकांना अधूनमधून हवापालट लागते. आमच्या पुस्तकांचे रंग ती भरायची. पण रंग भरणं म्हणजे काय, रेघेच्या आत राहिलं की झालं. या वेळी सगळं मीच करणार. उलट लवकर आटपेल.
बेत: एप्रिल कच्ची रेखाटनं, मे पक्की, जून रंग. शेवटचा आठवडा मासेमारी.

८ एप्रिल.
वरचं वेळापत्रक मोठ्या कागदावर सुबक अक्षरात लिहून भिंतीला लावलं. दिवस गेला.

१५ एप्रिल.
खाली पाणथळीत जाऊन बसलो. तीन पुकेको आले. लांब तंगड्या, लाल चोच, शेपटीला सतत झटके. एकाने माझं सँडविच नेलं. छोटी छोटी चाळीस रेखाटनं झाली. हात अजून चालतो.
टिपेने नावाचा शेजारी गोदीतल्या कामावरून येताना कुंपणावरून डोकावला. म्हणाला, म्हाताऱ्या, झकास! हा पक्षी तर हुबेहूब तू. पाय काटकुळे, आणि तोंड कुणी काहीतरी हिसकावून नेल्यासारखं. मी हसलो. म्हणजे हसलो असणार.

२ मे.
नेल्सनहून पत्र. जाडजूड. कचऱ्याचे वार, बॉयलरची देखभाल असलंच असणार. फ्रिजवर ठेवलं. सवडीने बघू.

१९ मे. दुपारी.
पक्की रेखाटनं पाठवली होती. फिलिपाला आवडली. फक्त म्हणाली, सगळ्या चित्रांत पक्षी एकटाच कसा? त्याची जोडीदारीण कुठाय? म्हटलं, गोष्टीत कुठे आहे? म्हणाली, पान चारपासून शेवटपर्यंत आहे, मर्व्ह.
बघितलं. आहे.
सोपं काम. तोच पक्षी जरा लहान काढला, तोंड पलीकडे.

३ जून.
रंगाचा पहिला दिवस. पाणी लावताच कागद तळलेल्या पापडासारखा फुगला. हल्ली कागदात दम राहिलेला नाही.
टिपेने दोन मासे घेऊन आला. कागद बघून म्हणाला, अरे, नोएलिन आधी कागद बाथटबमध्ये भिजवायची, मग फळीवर ताणून कडांना पट्टी चिकटवायची. फळ्या मीच तर कापून दिल्यात तिला! एकोणतीस वर्षं एका घरात राहून तुला ठाऊक नाही? म्हटलं, ठाऊक आहे. मुद्दाम वेगळ्या पद्धतीने करून बघतोय. तो म्हणाला, बघ बाबा. मासे ठेवून गेला.
उभ्याउभ्याच जेवलो. मासा होता एवढं आठवतं.

११ जून.
खणात निळ्याच्या नऊ ट्यूबा. पुकेकोचा निळा एकीतही नाही. नेल्सनच्या पत्राचं बंद पाकीट हाताशी होतं, त्याच्या मागे रंग लावून बघितले. एक पोलिसाच्या गणवेशासारखा, एक टूथपेस्टसारखा, बाकीचे सांगण्यासारखे नाहीत.
नोएलिनला फोन केला. रंगासाठी नव्हे. व्हॅक्युम क्लीनरच्या पिशव्या कुठे असतात ते विचारायला. तिने सांगितलं. मी फोन ठेवणार तर तीच म्हणाली, निळा जमत नाहीये ना? चिमूटभर तपकिरी घाल त्यात. आणि पहिला थर वाळेपर्यंत हात लावू नकोस. बाहेर फिरून ये. तुला दम धरवत नाही.
मग तिने विचारलं, पत्र वाचलंस? म्हटलं, हो. म्हणाली, मग? म्हटलं, ठीक आहे.  म्हणाली, बरं.
छान बोलणं झालं. अशाने माणसं मोकळी होतात.

१२ जून.
तपकिरी घातला. खरंच निळा आला. वाळायची वाट बघायला वेळ कुणाला आहे, म्हणून हेअर ड्रायर लावला. पक्षी ओघळून बुटात गेला. त्याला पावसाळी वातावरणाचं चित्र म्हणता येईल.

२६ जून.
चौदाही चित्रं पूर्ण. नेमकं सांगायचं तर अकरा. सोबत पेन्सिलीची रेखाटनंही बांधली, म्हणजे मेहनत दिसते. पोस्टात टाकताना समाधान वाटायला हवं होतं. उद्या वाटेल.

२७ जून.
मासेमारीला गेलो नाही.

२ जुलै. सकाळी ११.
फिलिपाचा फोन. आधी पाच मिनिटं इथल्या जुलैमधल्या थंडीविषयी बोलली. मग म्हणाली, तुझी रेघ अजून जिवंत आहे, मर्व्ह, पेन्सिलीची चित्रं तशीच घेते. पण रंग... मी नोएलिनशी बोलले. ती करते म्हणाली.
म्हटलं, तिला कशाला त्रास, ती सुट्टीवर आहे. फिलिपा पुन्हा थंडीविषयी बोलू लागली. वेलिंग्टनला फारच गारठा असावा.

१८ सप्टेंबर.
छपाईचा नमुना आला. पान उलटलं आणि तोच निळा. पाणथळीतला. पक्षिणीची मान नोएलिनने रंगानेच किंचित वळवली आहे. आता ती सरळ समोर बघते. बघत बसलो. चहा गार झाला.
मुखपृष्ठावर, चित्रं: मर्व्ह पास्को आणि नोएलिन डॅलो. ही डॅलो कोण ते क्षणभर कळेना. मग आठवलं. सासऱ्यांचं आडनाव.
फिलिपाला लगेच फोन लावला. म्हटलं, मुखपृष्ठावर चूक झालीय, पास्को हवं. ती हळूच म्हणाली, चूक नाहीये, मर्व्ह. तिनेच तसं लिहून दिलंय.
म्हटलं, असं होय.
पान नऊवर एक स्वल्पविराम राहिला होता, तोही सांगितला. तो मात्र खरंच राहिला होता. तिने आभार मानले.